गाडीचा रंग, गारगोटी आणि नानांचं फडकं



आज बोलायचं आहे गाडी धुण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं? बादली घ्यायची, साबण घ्यायचा, धुवायची. पण कार्यक्रमाच्या ताईंनी सांगितलं की दर उन्हाळ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच: नवीन गाडी घेतली, जिवापाड जपली, आठवड्याला धुतली, आणि तरी वर्षभरात उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याची जाळी पसरल्यासारखी दिसते. रंग हलका निघाला का? कंपनीने फसवलं का?

मी माटुंग्याच्या यूडीसीटीत रंगशास्त्र शिकलो आणि पुढे डेट्रॉइटच्या उपनगरात गाड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं काढली. काम काय, तर रंगवलेल्या पत्र्यांवर चरे पाडायचे आणि ते मोजायचे. चरे पाडण्याचा पगार मिळायचा म्हणा ना! आणि अशा माणसाच्या स्वतःच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याची गाडी एका उन्हाळ्यात जाळ्यांनी भरून गेली. ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

२०१२ सालची गोष्ट. नाना, म्हणजे माझे वडील, मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे. नानांची सगळी नोकरी दापोडीला, एसटीच्या वर्कशॉपमध्ये झालेली, आणि त्यातली बरीच वर्षं बसच्या बॉडीच्या कामात. इथे आल्यावर पहिले काही दिवस पहाटे चारला जाग येणं हे तुमच्याही घरी आलेल्या आईवडिलांचं झालेलं असेल. चहा करून पिणार, पेपर नाही, शेजारी कुणी बोलायला नाही, गाडी चालवता येत नाही म्हणजे कुठे जाता येत नाही. आठ दिवसांत नानांनी आपलं काम शोधून काढलं. माझी एक जुनी बनियन फाडून फडकं केलं आणि सकाळी सहाला ड्राइव्हवेमध्ये माझी काळी गाडी पुसायला लागले. कोरडीच. वरपासून खालपर्यंत, गोल गोल हात फिरवून, अगदी मन लावून. फिरायला जाणारे शेजारी हात करायचे, नाना फडकं हलवून उत्तर द्यायचे. एक म्हातारे गृहस्थ तर रोज थांबून दोन मिनिटं बोलायला लागले. काय बोलायचे दोघं, कोणत्या भाषेत, मला अजून ठाऊक नाही.

खिडकीतून मी हे पहिल्याच दिवशी पाहिलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. जो माणूस प्रयोगशाळेत कोरड्या कापडाने पत्रा घासून त्याची चमक किती कमी झाली ते मोजतो, त्याला हे दृश्य कसं दिसत असेल? पण बोललो नाही. सहा महिन्यांसाठी आलेला एकटा माणूस. त्याची सकाळ चांगली जाते आहे. गाडी काय, पत्राच तो.

जुलैमध्ये एका शनिवारी दुकानाच्या पार्किंगमध्ये दुपारच्या उन्हात गाडी उभी होती. सामान घेऊन परत येताना बॉनेटकडे नजर गेली. सूर्याचं प्रतिबिंब मध्यभागी आणि त्याच्याभोवती शेकडो बारीक चकचकीत वर्तुळं. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडीवर सीडी ठेवल्यासारखं दिसतंय."

आता ही वर्तुळं म्हणजे काय ते सांगतो. इथे यांना स्वर्ल मार्क म्हणतात, भोवरे म्हणा हवं तर. पण गंमत अशी की चरे सगळे गोल नसतात. ते आडवे, उभे, तिरपे, कसेही असतात. त्यातले जे चरे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात, बाकीचे लपून राहतात. आणि आडवे येणारे सगळे मिळून दिव्याभोवती गोल कडं दिसतं. घरातलं स्टीलचं जुनं ताट घ्या, वर्षानुवर्षं घासणीने घासलेलं. ट्यूबलाइटऐवजी एका बल्बखाली धरा. तेच कडं दिसेल, आणि ताट फिरवलं तरी ते बल्बच्याच भोवती राहील. गाडीवरही तसंच. म्हणून ढगाळ दिवशी गाडी नवी कोरी दिसते आणि ऊन पडलं की वय कळतं. काळ्या रंगावर जास्त दिसतं ते काळा रंग मऊ असतो म्हणून नव्हे, मागे अंधार असला की चमकणारी रेघ उठून दिसते म्हणून. पांढऱ्या गाडीवरही तितकेच चरे असतात, पण पांढऱ्यावर पांढरं कोण बघतो!

हे चरे असतात कुठे? आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, क्लिअर कोट. आपला हात लागतो तो फक्त या शेवटच्या थराला. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर केसापेक्षाही पातळ. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, आंबट पाऊस, सगळं झेलतो तो हा थर. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात. भोवऱ्यांचे चरे या थराच्या अगदी वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये असतात. खाली रंगाला धक्काही लागलेला नसतो.

मग हा थर कठीण का करत नाहीत? हा प्रश्न मला लग्नकार्यात, गणपतीत, पॉटलकमध्ये शंभर वेळा विचारला गेलाय. रंगाचा कठीणपणा मोजायची आमची एक जुनी आणि अगदी साधी रीत आहे: शिसपेन्सिल. चित्रकलेला जशा एचबी, दोन बी, दोन एच अशा पेन्सिली मिळतात तशा सहा बी-पासून नऊ एच-पर्यंतच्या घ्यायच्या. टोक सपाट करायचं, पंचेचाळीस अंशांत धरून रंगावर दाबून पुढे ढकलायची. ज्या पेन्सिलीने चरा पडत नाही त्यातली सगळ्यात कठीण ती त्या रंगाची कठीणता. कारखान्यातून आलेला क्लिअर कोट बहुतेक वेळा एचबी ते दोन एच यांच्या आसपास येतो. कुणाचा थोडा वर, कुणाचा थोडा खाली.

गाड्या चमकवण्याचा धंदा करणारे लोक तुम्हाला सांगतील की जर्मन गाड्यांचा रंग कठीण, जपानी गाड्यांचा मऊ. ढोबळमानाने यात तथ्य आहे, पण नियम म्हणून धरू नका. एकाच मॉडेलची गाडी दोन वेगळ्या कारखान्यांत रंगवली तर दोन्हींचा क्लिअर कोट वेगळा असू शकतो. वर्ष बदललं की रंग पुरवणारा बदलतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेला दरवाजा आणखी वेगळा, कारण कारखान्याच्या भट्टीत रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो आणि गॅरेजमध्ये फार तर साठेक अंशांना, कारण तिथे अख्खी गाडी, तिची सीटं, वायरी, सगळं भट्टीत असतं. असा दरवाजा सुरुवातीचे काही आठवडे मऊच असतो. त्याला तेवढे दिवस सांभाळा.

आणि कठीण म्हणजे चांगलाच असंही नाही. फार कठीण थर ठिसूळ होतो. हायवेवर खडा उडून लागला की टवका निघतो. मिशिगनच्या जानेवारीत आकसायचं आणि ॲरिझोनाच्या जुलैत पसरायचं, प्लास्टिकच्या बंपरबरोबर वाकायचं, हे सगळं त्याला करायचं असतं. म्हणून प्रत्येक कंपनी कुठेतरी मध्ये थांबते. मर्सिडीजने २००३च्या अखेरीस सूक्ष्म सिरॅमिक कण घातलेला क्लिअर कोट आणला. निसानने २००५मध्ये उलट वाट धरली, थर थोडा लवचीक केला, म्हणजे बारीक चरा पडला तरी उबेने तो हळूहळू भरून यावा. दोन्ही खरोखर हुशारीची कामं आहेत. पण दोन्ही गाड्यांचे मालक चुकीच्या फडक्याने भोवरे पाडू शकतात, आणि पाडतात.

कारण सांगतो. कापडाने चरा पडत नाही. कापडात अडकलेल्या कचाने पडतो. आणि रस्त्यावरच्या धुळीतला कच म्हणजे बहुतांशी वाळू, वाळू म्हणजे गारगोटी. खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर, जिला मोह्‌स म्हणतात, आपलं नख अडीचच्या आत येतं, काच साडेपाचच्या आसपास आणि गारगोटी सात. क्लिअर कोट शेवटी प्लास्टिकच्या जातीचा. तुमचा एचबी असो की दोन एच, समोर गारगोटी आली की दोघंही लोण्यासारखेच. आम्ही प्रयोगशाळेत कार वॉशची जी चाचणी करायचो, आयएसओ २०५६६ असा तिचा क्रमांक, तिच्यात मुद्दाम पाण्यात गारगोटीची पूड मिसळतात, त्या पाण्यात ब्रश फिरवतात, आणि पत्र्याची चमक आधी किती आणि नंतर किती ते बघतात. पुडीशिवाय ती चाचणीच होत नाही.

यावरून तुम्हाला दुकानात मिळणाऱ्या 'नऊ एच' सिरॅमिक कोटिंगबद्दलही कळेल. तो नऊ एच पेन्सिलीचा आहे, मोह्‌सचा नऊ नव्हे. पेन्सिलीचं टोक म्हणजे ग्राफाइट आणि माती. कोटिंगने पाणी छान घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, एवढं खरं. पण "आता चरे पडणारच नाहीत" असं विकणारा सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

परत नानांकडे येतो. मी तेव्हा चिडलो होतो, मनातल्या मनात. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की नाना चुकत नव्हते, त्यांचा रंग बदलला होता. त्यांच्या काळातल्या बसला, अँबेसेडरला, फियाटला क्लिअर कोट नव्हताच. वरपासून खालपर्यंत एकच एनॅमल. उन्हाने त्याचा वरचा भाग मरायचा, हात फिरवला की तळव्याला लाल किंवा पांढरी भुकटी लागायची. तो मेलेला भाग घासून काढला की खालचा ताजा रंग वर यायचा. तिथे घासणं हाच इलाज होता. चमक घासण्यातूनच यायची. शिवाय आपल्याकडचे जुने ड्रायव्हर फडक्याला रॉकेलचा हात लावायचे, त्यामुळे धूळ फडक्याला चिकटायची आणि थोडा ओशटपणा मधे राहायचा. इथे रॉकेल नाही, एनॅमल नाही, फक्त फडकं आणि सवय समुद्र ओलांडून आली. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांमध्ये आजही सकाळी एका बादलीत आणि एका फडक्यावर दहा गाड्या पुसल्या जातात. दहाव्या गाडीच्या वेळी त्या बादलीत काय असतं, विचार करा.

सांगायचं कसं हा प्रश्न होता. आधी मी भेकडासारखे उपाय केले. गाडी गराजमध्ये ठेवायला लागलो. नाना गराजचं बटण दाबून बाहेरच्या उजेडात पुसायला लागले. मग कव्हर आणलं. नानांनी कव्हर काढून, घडी घालून, गाडी पुसून पुन्हा कव्हर घातलं. त्या कव्हरच्या आतल्या धुळीने आणखी चरे पाडले असणार. मग बायको म्हणाली, "तुम्ही ऑफिसमध्ये साहेबांना पत्रे दाखवून पटवता ना, तसं त्यांना पटवा."

ऑफिसातून रद्दीत निघालेला एक काळा नमुन्याचा पत्रा आणला. मधोमध टेप लावून दोन भाग केले. दोन दिवस बाहेर ठेवून धूळ बसू दिली. मग नानांना म्हटलं, हा अर्धा तुम्ही तुमच्या पद्धतीने पुसा, हा अर्धा मी धुतो. त्यांनी चार हात मारले. मी माझा भाग आधी नुसत्या पाण्याने ओघळवला, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ मोज्याने पुसला. टेप काढून पत्रा उन्हात धरला.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवून पत्रा डोळ्यांजवळ नेला. वर्कशॉपमध्ये पाहायचे तसाच, तिरपा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे गाडीवरचं ते सगळं मी केलंय?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. ते म्हणाले, "तू रंगवाला. तुला पहिल्या दिवशी दिसलं असणार. मेमध्येच का नाही सांगितलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची सकाळ चांगली जावी म्हणून गप्प बसलो, हे तोंडावर कसं सांगायचं? त्याचा अर्थ असा होतो की मी त्यांना कामाचा माणूस न समजता नुसतं रमवत होतो. त्यांना राग आला तो त्याचा, चऱ्यांचा नव्हे. दोन दिवस बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "बरं, तुझी ती पद्धत काय आहे ती दाखव नीट."

आणि मग त्यांनी ती माझ्यापेक्षा चांगली केली. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या नावावर न सांगता नानांच्या नावावर सांगतो.

नानांचा पहिला नियम, मनगटावरचं घड्याळ, बोटातली अंगठी आणि पट्ट्याचं बक्कल काढून ठेवायचं. दारावर ओणवं झाल्यावर बक्कल कुठे घासतं ते आपल्याला कळतही नाही. दुसरा नियम, उन्हात आणि तापलेल्या बॉनेटवर पाणी घालायचं नाही. साबण जागेवर वाळतो, आणि ज्यांच्याकडे क्षारांचं जड पाणी आहे, फिनिक्स, लास व्हेगस, सॅन अँटोनिओची मंडळी, त्यांच्याकडे पांढरे डाग बसतात ते वेगळेच.

मग हात न लावता धुणं. हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच सगळे घाई करतात. होजने वरून खाली भरपूर पाणी, मग शक्य असेल तर साबणाचा फेस फवारून पाच मिनिटं नुसतं थांबायचं, आणि पुन्हा पाणी. जेवढा कच आपणहून निघून जाईल तेवढा मोज्याखाली येणार नाही. होजला बंद करता येणारं नोझल हवंच. कॅलिफोर्नियात २०१४च्या दुष्काळात तर त्याशिवाय गाडी धुण्यावर बंदी आणून दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड ठेवला होता.

यानंतर दोन बादल्या. एकीत गाडीचा शॅम्पू घातलेलं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून कच सोडून द्यायचा, मगच परत शॅम्पूत. इथली मंडळी याला टू बकेट मेथड म्हणतात. नानांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली: शॅम्पूची ती सोवळी, खळबळायची ती ओवळी. ओवळ्यातला मोजा न झटकता सोवळ्यात गेला की आमच्याकडे आरडाओरडा व्हायचा. माझ्या मुलीला सोवळं-ओवळं हे शब्द त्या बादल्यांमुळे कळले. आजीच्या स्वयंपाकघराबद्दल तिला नंतर सांगावं लागलं, आणि तिला ते अजून पटलेलं नाही.

भांड्यांचा साबण वापरू नका. एकदा वापरला म्हणून रंग जळत नाही, पण गाडीवरचं मेण धुऊन नेतो आणि त्यात तो बुळबुळीतपणा नसतो जो कच आणि रंग यांच्यामध्ये राहायला हवा. स्पंज नको, त्याच्या सपाट तोंडावर कच अडकून रंगावर घासत राहतो. लांब लोकरी धाग्यांचा किंवा मायक्रोफायबरचा मोजा घ्या, कच धाग्यांच्या आत शिरतो. हात सरळ रेषेत, छतापासून सुरुवात, दरवाजांचा खालचा अर्धा भाग सगळ्यात शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. चाकांवर ब्रेकची धातूची भुकटी असते. ते फडकं चुकूनही वर येऊ नये म्हणून नानांनी त्याला गाठ मारून ठेवली होती.

पुसताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल अंगावर पांघरूण घालावं तसा पसरायचा आणि टिपायचं. घासायचं नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते फडकं त्या दिवसापुरतं बाद. "नुसतं झटकतो" म्हणून चालत नाही, मी झटकलेलं फडकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. आणि हे टॉवेल घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका; सुती कपड्यांचे तंतू त्यांना चिकटतात, फॅब्रिक सॉफ्टनरने त्यांचे धागे बुजतात, ड्रायर फार गरम असेल तर धागे वितळून टोकं टणक होतात. मग मायक्रोफायबरच घासणी होतं.

रस्त्याकडेच्या गटारात जाणारं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता थेट ओढ्यात, नदीत जातं. आमच्याकडे ते रूज नदीत जातं, तीच नदी जिच्यावरच्या तेलाला १९६९ साली आग लागली होती. शक्य असेल तर गाडी हिरवळीवर घेऊन धुवा, गवत ते पाणी पिऊन टाकतं.

हिवाळ्याचं वेगळं. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर मीठच मीठ असतं. ते गाडीवर ठेवलं तर खालून गंज. पण धुवायला गेलं तर होज गोठलेला. अशा वेळी बरेच लोक ब्रशवाल्या कार वॉशच्या बोगद्यात शिरतात. तुमच्या आधी गेलेल्या शंभर गाड्यांचा कच त्या ब्रशांत असतो. दापोडीच्या एका बादलीचंच हे मोठं अमेरिकन रूप म्हणा. त्यापेक्षा ब्रश न लावणारा, नुसत्या पाण्याच्या जोरावर धुणारा टचलेस बरा. त्याची रसायनं कडक असतात, मेण लवकर जातं, गाडी पूर्ण स्वच्छही होत नाही, पण मीठ जातं आणि चरे पडत नाहीत. गाडीखालून पाणी मारणारा पर्याय हिवाळ्यात जरूर घ्या. मोटारी ज्यांच्या गराजमध्ये राहतात त्यांच्यासाठी रिन्सलेस वॉश म्हणून द्रव मिळतो, एका बादलीत झाकणभर, त्यात कच पोटात घेऊन निसटू देणारं द्रव्य असतं. पण मिठाचा जाड थर बसला असेल तर आधी टचलेस, मगच हा.

बर्फ काढायच्या कडक केसांच्या ब्रशने बॉनेट झाडू नका. तो काचेसाठी आहे. रंगावर फोमच्या तोंडाचा झाडू वापरा, आणि शेवटचा बोटभर थर राहू द्या.

आता नाजूक विषय, गाडीची पूजा. दसऱ्याला किंवा नवीन गाडी आणली की आपण बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढतो, हळद लावतो, हार घालतो, समोर रांगोळी. मी स्वतः काढतो. तेव्हा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड आहे. बोटांना रांगोळी लागलेली असताना त्याच बोटांनी कुंकू लावलं की काय होईल ते आता तुम्हाला सांगायला नको. स्वस्तिक काचेवर काढा, देव काही विचारणार नाही. रंगावर काढलंच तर संध्याकाळी कोरड्या फडक्याने खरवडू नका, पाणी घालून भिजू द्या आणि ओघळू द्या. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घाबरू नका, हळद उन्हात उडते. आणि हार बांधून हायवेला जाऊ नका. सत्तर मैलांच्या वाऱ्यात त्याचा दोरा बॉनेटवर कोरीव काम करतो.

शेवटचं, पडलेले चरे काढायचे का? काढता येतात. पॉलिश म्हणजे चरा भरणं नसतं, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं असतं. मऊ रंगावर हे चटकन होतं, कठीण रंगावर तासन्‌तास लागतात. रंगाचा कठीणपणा मालकाला कळतो तो खरा इथे, बिल देताना. पण दर वेळी दोन-तीन मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. दरवर्षी पॉलिश करून घेणारे लोक मी पाहिलेत, सात-आठ वर्षांनी त्यांच्या छपराचं कातडं निघायला लागतं. काम देण्यापूर्वी दुकानदाराला जाडी मोजायचं यंत्र आहे का विचारा. यंत्र नसलेल्याकडे गाडी देऊ नका.

नाना ऑक्टोबरच्या शेवटी परत गेले. जायच्या आदल्या दिवशी गाडी धुतली, सोवळी-ओवळी दोन्ही बादल्या उपड्या घालून गराजमध्ये ठेवल्या. त्या हिवाळ्यानंतर मी यंत्र घेऊन बॉनेट मोजलं आणि एकदाच, हलक्या हाताने पॉलिश केलं. रविवारी फोनवर त्यांनी विचारलं, "निघाले का माझे चरे?"

म्हटलं, "वरवरचे निघाले. डाव्या दरवाजावर चार-पाच खोल आहेत, ते ठेवलेत."

"किती मायक्रॉन?"

"साडेतीन असतील."

"मग ठेव," नाना म्हणाले. "पुढे लागेल तो थर."